अकरावा श्रोता

मे महिन्यातला गुरुवार, दुपारचे साडेबारा. ब्रायटनमधल्या एका पबचा अरुंद जिना चढून मी वरच्या खोलीत गेले तेव्हा तिथे दहा माणसं होती. मंच वीतभर उंचीचा. वेल्समधल्या एका गावाहून आलेला चौघांचा बँड तारा जुळवत होता. गाणारी मुलगी गिटारच्या खुंट्या पिळताना समोर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आधी वाटलं, शब्द आठवतेय. मग कळलं, ती माणसं मोजते आहे. तिची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकत माझ्यापाशी आली आणि थांबली. मी अकरावी होते.

पुढचा अर्धा तास माझ्या कानांत अजून आहे. पहिली दोन गाणी विस्कटलेली होती. ड्रम मोठे, गाण्याचा आवाज दबलेला, बास वाजवणारा मुलगा घाईत. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लय जागेवर येऊन बसली. मी मिरजेत वाढले. घरात गाणं शिकलेलं कुणी नव्हतं, पण दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलींना आजोबा मला बोटाला धरून न्यायचे. तंबोरे जुळेपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांची ताकीद असे. जुळवणं हाही गाण्याचाच भाग आहे, असं ते म्हणत. त्या दुपारी परक्या देशात, परक्या वाद्यांसमोर मला त्यांची ताकीद आठवली. जुळण्याआधीचं आणि जुळतानाचं, दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

या पुस्तकातल्या नोंदी त्या दुपारपासून सुरू होतात. ते २०१६ साल होतं. महामारीची दोन वर्षं सोडली तर तेव्हापासून दर मे महिन्यात मी ब्रायटनला जाते आहे. पुण्यातली माझी भाची मित्रमैत्रिणींबरोबर बास वाजवते. तिने एकदा फोनवर विचारलं, "मावशी, ज्यांचं एकही गाणं तू ऐकलेलं नाहीस, त्यांच्यासाठी तू सुट्टी का काढतेस?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. हे पुस्तक तिला दिलेलं लांबलेलं उत्तर आहे.

ज्या महोत्सवाबद्दल मी लिहिलं आहे त्याचं नाव 'द ग्रेट एस्केप'. ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर, लंडनहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. तिथे २००६ पासून हा महोत्सव भरतो. या जातीच्या महोत्सवांमध्ये वडीलकीचा मान अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या 'साउथ बाय साउथवेस्ट'चा. तो १९८७ मध्ये सुरू झाला. जर्मनीत हॅम्बुर्गला, नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला असेच महोत्सव होतात. सगळ्यांची रीत एकच. मोठं मैदान घेऊन एक भव्य मंच उभारायचा नाही. शहरात आधीपासून असलेल्या छोट्या-मोठ्या जागा तेवढ्या दिवसांसाठी एका दोऱ्यात ओवायच्या, आणि ज्यांची नावं अजून फारशी कुणाला ठाऊक नाहीत अशा बँडना त्यांत बोलवायचं. ब्रायटनमध्ये अशा तीसहून अधिक जागा आणि शेकडो बँड असतात. मनगटावर एकदा कापडी पट्टी बांधली की कुठल्याही दारातून आत जाता येतं, आत जागा असेल तर. खोली भरली की दारावरचा माणूस हात आडवा धरतो. मग एक बाहेर आला की एक आत.

या जागांची नावं वाचकाला पुस्तकात वारंवार भेटतील, म्हणून त्यांची ओळख आधीच करून देते. रेल्वे स्टेशनाच्या पोटात, विटांच्या कमानींखाली 'ग्रीन डोअर स्टोअर' आहे. जवळच 'प्रिन्स आल्बर्ट' हा पब. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर दिवंगत गायक-वादकांचे चेहरे रंगवले आहेत. उतारावरून समुद्राकडे निघालं की 'होप अँड रुइन' लागतं, बाजारपेठेच्या गल्ल्यांत 'कोमेडिया', आणि पार किनाऱ्यावर 'काँकॉर्ड टू', जे व्हिक्टोरिया राणीच्या काळात चहापानगृह होतं. काही कार्यक्रम चर्चमध्ये होतात, काही समुद्रकाठच्या तंबूंत. बहुतेक अंतरं पायी जाण्याजोगी आहेत आणि महोत्सवाचा अर्धा आनंद त्या चालण्यात आहे. एका दारातून बाहेर पडताना कानात जे उरलेलं असतं, त्यावर खारा वारा फिरतो, मग पुढच्या दारातला आवाज रस्त्यावर येऊन भेटतो.

आतली व्यवस्था समजून घेतली तर ऐकणं बदलतं, म्हणून तीही सांगते. प्रत्येक बँडला साधारण अर्धा तास मिळतो. पुढच्या बँडची मांडणी करायला तेवढाच. सविस्तर साउंडचेकला वेळ नसतो. एकेक वाद्य वाजवून आवाज पोचतो आहे एवढंच पाहतात. ड्रमचा सांगाडा आणि मोठे अँप त्या जागेचेच असतात. वादक आपला स्नेअर, आपल्या झांजा, पायाशी ठेवायची पेडलं आणि वाद्यं घेऊन येतात, वाजवतात आणि टाळ्या थांबायच्या आत स्वतःच सामान उचलू लागतात. मागच्या गल्लीत व्हॅन उभी असते. संध्याकाळी त्याच बँडचा दुसऱ्या पबमध्ये आणखी एक कार्यक्रम असतो. महोत्सवाला जोडून 'ऑल्टरनेटिव्ह एस्केप' नावाचा उपक्रमही शहरभर चालतो, त्यात अनेक जण वाजवतात. वर्षभर कुठेतरी नोकरी करून, रजा टाकून, आळीपाळीने गाडी चालवत आलेली ही मुलं अर्ध्या तासात आपलं सगळं मांडतात. रागसंगीताच्या श्रोत्याला अर्धा तास म्हणजे नुसती सुरुवात वाटेल. मलाही वाटायचं. पण विलंबिताची ऐसपैस जागा इथे नाही हे एकदा स्वीकारलं की पाच-सहा गाण्यांचा क्रम कसा लावला आहे, पहिल्या गाण्याने दार कसं उघडलं आहे, हे ऐकू येऊ लागतं.

खोल्यांना इतिहास असतो, आणि ब्रायटनमधल्या एका वास्तूच्या इतिहासात आपण आहोत. शहराच्या मध्यभागी 'ब्रायटन डोम' आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही युवराजाच्या घोड्यांची पागा होती, बाहेरून भारतीय घाटाची. १८६७ पासून तिथे संगीताचे कार्यक्रम होऊ लागले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी शेजारचा राजवाडा, डोम आणि कॉर्न एक्स्चेंज यांचं रुग्णालय केलं गेलं. डोमच्या घुमटाखाली शेकडो खाटा लागल्या. जातिधर्माप्रमाणे जेवण देता यावं म्हणून नऊ वेगळी स्वयंपाकघरं उभारली गेली. जे वाचले नाहीत त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन शहराबाहेरच्या टेकडीवर झालं. तिथे संगमरवरी छत्री आहे, १९२१ मध्ये अनावरण झालेली. त्याच डोममध्ये जानेवारी १९७२ मध्ये 'पिंक फ्लॉइड'ने 'द डार्क साइड ऑफ द मून' हा संच, त्याची ध्वनिमुद्रिका येण्याच्या वर्षभर आधी, पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला घेतला आणि यंत्रणेतल्या बिघाडामुळे मध्येच थांबवला. तिथेच ६ एप्रिल १९७४ च्या रात्री 'आबा' या स्वीडिश चौकडीने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. या महोत्सवाच्या निमित्ताने मी त्या वास्तूत पहिल्यांदा गेले. नवखा बँड वाजवत होता, आणि इथे कुणीतरी मराठीत, पंजाबीत, गढवालीत कण्हलं असेल, या विचाराने मला काही वेळ गाणं ऐकूच आलं नाही. भिंती काहीच सांगत नाहीत. आत येणारी माणसं ज्या कामासाठी येतात, त्या कामाची ती वास्तू होते. पुस्तकातलं दुसरं प्रकरण एवढ्यासाठी आहे.

अशा नवख्या बँडच्या संगीताला 'इंडी' म्हणतात. आता त्या शब्दाविषयी. आपल्याकडे तो आता मुळमुळीत आवाजात, गिटारवर, एकटेपणाबद्दल गायलेल्या गाण्याला चिकटला आहे. मुळात ते 'इंडिपेन्डंट', म्हणजे स्वतंत्र, असं मालकीचं वर्णन होतं. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने जानेवारी १९७७ मध्ये उसने पैसे घेऊन चार गाण्यांची स्वतःची ध्वनिमुद्रिका काढली आणि मोठ्या कंपनीचं दार ठोठावल्याशिवायही हे जमतं हे दाखवून दिलं. पश्चिम लंडनमध्ये १९७६ साली उघडलेल्या 'रफ ट्रेड' या दुकानाने पुढे स्वतःचं लेबल काढलं, छोट्या लेबलांच्या वितरणाची घडी बसवली. जानेवारी १९८० पासून अशा स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीची वेगळी यादी छापली जाऊ लागली. म्हणून या पुस्तकात वाचकाला गोंगाटी पंक, वेल्श भाषेतली लोकगीतं, संगणकावर रचलेले ताल आणि व्हायोलिन हे सगळं एकाच नावाखाली भेटेल. आवाज निराळे असले तरी आपलं गाणं आपल्या हातात ठेवण्याची धडपड सगळ्यांत आहे.

ब्रायटनला ही धडपड मानवते. दोन विद्यापीठं, २००१ मध्ये सुरू झालेली आधुनिक संगीताची एक संस्था, जुन्या बाजारपेठेतली ध्वनिमुद्रिकांची दुकानं आणि एकमेकांचे ड्रम उसने देणारे वादक, एवढं एका समुद्रकाठी एकवटलं आहे. 'रॉयल ब्लड' हे दोघांचं खणखणीत जोडपथक याच शहरातलं. २०२० मध्ये मर्क्युरी या ब्रिटिश संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचलेला 'पॉरिज रेडिओ'ही इथेच जमला.

हा महोत्सव बाजारही आहे, हे मला लपवायचं नाही. दिवसा चर्चासत्रं होतात. एजंट, लेबलवाले, रेडिओवाले, इतर महोत्सवांचे आयोजक गळ्यात वेगळं ओळखपत्र घालून फिरतात. आयर्लंड, कॅनडा, नेदरलँड्स अशा देशांच्या संस्था आपापल्या बँडना इथे पाठवतात. खोलीत मागच्या भिंतीशी हात बांधून उभी असलेली, दोन गाणी ऐकून निघणारी माणसं बहुधा या कामावरची. त्यांच्यावर माझा राग नाही. एका रात्रीत त्यांना आठ ठिकाणं गाठायची असतात, आणि त्यांच्या एका होकारावर चौघांचं पुढचं वर्ष उभं राहतं. पण त्यांचा प्रश्न माझा नव्हे. हे पुढे चालेल का, हे त्यांना ठरवायचं असतं. आत्ता काय चाललं आहे, एवढंच मला ऐकायचं असतं.

आणि बाजारापलीकडेही या मुलांना काही दिसतं, हे २०२४ मध्ये कळलं. महोत्सवाच्या प्रायोजक बँकेचे इस्रायलला शस्त्रं पुरवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध असल्याचा निषेध म्हणून त्या वर्षी शंभरहून अधिक कलाकारांनी नावं मागे घेतली. ज्यांच्याकडे गमवायला ही एकच संधी होती, त्यांनी ती सोडली. त्या वर्षीच्या माझ्या वहीत ऐकलेल्या गाण्यांपेक्षा खोडलेली नावं जास्त आहेत. ती पानं मी तशीच छापली आहेत.

छोट्या खोल्या टिकवायच्या कशासाठी, या प्रश्नाला आता इंग्लंडमध्ये निकडीचं रूप आलं आहे. या जागांसाठी झटणारी 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' ही संस्था २०१४ मध्ये स्थापन झाली. तिच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात १२५ छोट्या जागांमधलं संगीत थांबलं. उरलेल्यांचा सरासरी नफा होता ०.५ टक्के, म्हणजे शंभर पौंडांच्या उलाढालीमागे अर्धा पौंड. भाडं, वीज, कर वाढले. शेजारी नव्या सदनिका उभ्या राहिल्या की आवाजाच्या तक्रारी येतात. मोठ्या स्टेडियममधल्या प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम या खोल्यांसाठी बाजूला काढावी, अशी मागणी झाली आणि मे २०२४ मध्ये संसदेच्या समितीने ती उचलून धरली. 'कोल्डप्ले'ने २०२५ च्या उन्हाळ्यातल्या वेम्बली आणि हल इथल्या कार्यक्रमांच्या आपल्या उत्पन्नातले १० टक्के या ट्रस्टला देण्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जे गेले होते, त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की या बँडचा पहिला कार्यक्रम १९९८ मध्ये लंडनच्या कॅम्डन भागातल्या एका पबमध्ये, दुसऱ्याच नावाने झाला होता.

खोल्या वाचवण्यासाठी नेहमी हाच दाखला दिला जातो: आजची छोटी खोली नसेल तर उद्याचं स्टेडियम रिकामं राहील. दाखला खरा आहे, उपयोगी आहे आणि पैसा असलेल्यांना पटतो. मला मात्र तो अपुरा वाटतो. रोपवाटिकेची किंमत फक्त पुढे वृक्ष झालेल्या रोपांवरून ठरवली, तर बाकीच्या हजारो रोपांचं हिरवेपण वाया गेलं असं म्हणावं लागेल. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह आपल्याला आठवतं. सत्तरच्या दशकात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने तिथे प्रायोगिक नाटकांना घर दिलं. तिथून काही जण मोठ्या रंगमंचावर गेले, सिनेमात गेले. त्यांची नावं सांगताना आपला ऊर भरून येतो. पण त्या सभागृहात एखादं नाटक मोजक्याच प्रयोगांनंतर थांबलं, त्यातली मुलं पुढे बँकेत लागली, तरी त्या रात्री तिथे बसलेल्या प्रेक्षकाला जे मिळालं ते कमी नव्हतं. ते त्या रात्रीपुरतं पूर्ण होतं. मुंबईत लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेलं 'ब्लू फ्रॉग' हे संगीताचं ठिकाण २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा तिथे नेमाने जाणाऱ्यांना वाईट वाटलं ते काही पुढचा तारा हुकला म्हणून नव्हे. आपली बुधवारची रात्र गेली म्हणून.

नव्या बँडचा अर्धा तास ही पुढच्या प्रसिद्धीची लॉटरी नाही, तो अर्धा तास आपल्या जागी पुरता आहे, हे मला या पुस्तकातून सांगायचं आहे. म्हणूनच नोंदींमध्ये नवख्या बँडची नावं दिलेली नाहीत. खोली, दिवस, वेळ, आत किती माणसं होती आणि मी काय ऐकलं, एवढंच दिलं आहे. नाव दिलं की वाचक आधी ते शोधतो. पुढे मोठं झालेलं असेल तर 'तेव्हाच दिसत होतं' अशा नजरेने वाचतो; काहीच झालेलं नसेल तर पान उलटतो. दोन्हींत तो अर्धा तास हरवतो. त्या खोलीत शिरताना माझ्याकडे जेवढी माहिती होती तेवढीच वाचकाकडे असावी, ही माझी इच्छा आहे.

पुस्तक सलग वाचलंच पाहिजे असं नाही. एका पानावर एक अर्धा तास आहे. शेवटच्या प्रकरणात, कधी अशा महोत्सवाला जाणं झालंच तर काय करावं, हे अनुभवाने लिहिलं आहे. त्यातल्या चार गोष्टी इथेच सांगते. कानांत लावायचे बोळे सोबत ठेवावेत. छोट्या खोलीत ड्रमचा आवाज फार जवळून येतो. दिवसाला पाच-सहा बँडच्या वर जाऊ नये, कान थकला की सगळं सारखं वाटतं. एखादा बँड मनात राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा ऐकावं. त्याच गाण्यांची दुसऱ्या खोलीतली चाल निराळी असते. आणि चौथी गोष्ट महत्त्वाची. अनोळखी बँडसमोर लोक लांब उभे राहतात आणि मंचापुढे एक रिकामा अर्धगोल उरतो. वादकांना पहिलं दिसतं ते ते रिकामेपण. तिथे दोन पावलं पुढे जाऊन उभं राहावं. आपल्या मैफलीत समोर बसलेल्याने मान हलवली की गवयाला बळ येतं. तिथे 'वाहवा' म्हणायची रीत नाही, पण दोन पावलं पुढे येणं ही दाद सगळ्यांना कळते. मग मागची माणसंही हळूहळू सरकतात.

हे मी त्या पहिल्या गुरुवारीच शिकले. वेल्सच्या त्या चौघांचं तिसरं गाणं जुळलं तेव्हा मी नकळत पुढे गेले होते. कार्यक्रम संपल्यावर जिन्यापाशी त्यांनी छोटं टेबल मांडलं: हाताने छापलेले टी-शर्ट, थोड्या ध्वनिमुद्रिका, सुट्ट्या पैशांचा डबा. मी एक ध्वनिमुद्रिका घेतली. सुट्टे मोजताना गाणाऱ्या मुलीची वही उघडी दिसली. प्रत्येक ओळीत एका गावाचं नाव, तारीख आणि पुढे एक आकडा. ७, २३, ४, १५. मी विचारलं तर म्हणाली, किती जण आले ते लिहिते. चारच आले होते त्या रात्री आम्ही सगळ्यात चांगलं वाजवलं. आणि माझ्यासमोर तिने त्या दिवसाची ओळ पुरी केली.

तो बँड आता नाही. दोन-तीन वर्षांनी चौघं वेगळे झाले. ती वही तिने ठेवली असेल की नाही, कोण जाणे. ठेवली असेल तर तिच्यात ब्रायटनसमोर ११ लिहिलेलं आहे. त्या खोलीत शिरताना मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं, आणि माझं त्यांना आजही ठाऊक नाही. पण त्या अकरातली एक मी आहे.